आई लहान झालेली नाही

"म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण" असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या घरी डिमेन्शिया झालेलं माणूस नसावं. असलंच, तर त्याचं सगळं करणारं दुसरंच कुणीतरी असावं.

आईला डिमेन्शियाची सुरुवात असल्याचं निदान झालं तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागलं आहे. दवाखान्याच्या बाकावर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानात ऐकलं, रविवारच्या पुरवणीत वाचलं. पुण्याहून दादाचा फोन येतो तेव्हा तोही म्हणतो, "ती आता लहान झालीय गं. आता तूच तिची आई हो." सांगणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, हेतू चांगला असतो, म्हणूनच या वाक्याला कुणी उलट बोलत नाही. मला बोलायचं आहे. ही तुलना चुकीची आहे, आणि चुकीची असूनही निरुपद्रवी असती तर मी गप्प बसले असते.

आधी समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं ऐकू. ही तुलना निव्वळ भाबडी नाही, तिला एका नावाजलेल्या संशोधकाचा आधार आहे. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ बॅरी राइसबर्ग यांनी १९८० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णाला कोणकोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने जमेनाशा होतात, याची सात टप्प्यांची मोजपट्टी तयार केली. आधी पैशांचे व्यवहार आणि चार पाहुण्यांच्या स्वयंपाकाची आखणी जाते. मग प्रसंगाला साजेसे कपडे निवडणं जातं, मग ते अंगात घालणं, अंघोळ, शी-शूवरचा ताबा, आणि अगदी शेवटी बोलणं, चालणं, बसणं, हसणं. मूल ज्या क्रमाने शिकतं त्याच्या नेमका उलटा क्रम. पुढे त्यांनी प्रत्येक टप्प्यासमोर मुलाचं वयही लिहिलं. त्या तक्त्यात माझी आई आज आठ ते बारा वर्षांच्या मुलीसमोर बसते.

क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडेही पैशांचे व्यवहारच आधी गेले. पण जाण्याचा क्रम उलटा आहे एवढ्यावरून माणूस बालपणात पोचतो, हे कसं निघतं? आठ वर्षांच्या मुलीला पोस्टात पैसे भरता येत नाहीत, कारण ते तिला अजून यायचं आहे. आईला भरता येत नाहीत, कारण येत होतं ते गेलं, आणि गेलं हे तिला ठाऊक आहे. मूल आपल्याला काय येत नाही याने खचत नाही. आई खचते.

ती कोण होती हे सांगितल्याशिवाय हा मुद्दा नीट कळणार नाही. आमच्या सांगलीत आई पोस्टाच्या आरडीची एजंट होती. महिला प्रधान बचत योजनेच्या एजंट बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर येईल: खांद्याला पिशवी, पिशवीत रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे, पंधरा तारखेच्या आत सगळी वसुली करून पोस्टात रांगेला उभं राहणं. हजाराच्या हप्त्यामागे चाळीस रुपये कमिशन. हप्ता चुकला की खातेदाराला शंभराला रुपया दंड, म्हणून अडलेल्यांचा हप्ता ती स्वतः भरून टाकायची आणि नंतर गोड बोलून वसूल करायची. कुणाचे किती आले आणि कुणाचे यायचेत हे वही न उघडता सांगायची. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात घरातून सगळ्यांत आधी माळ्यावर काय गेलं, तर लोकांची कार्डं. आमचे कपडे नंतर.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. डॉक्टरांना कागदावर खुणा करायला सवड मिळाली नाही. पुढे मघाचे तीन शब्द विचारले. एकही आठवला नाही. मुळात शब्द सांगितले होते, हेच आठवलं नाही. आता मला कुणीतरी सांगावं, हे कोणत्या वयाचं मूल? वजाबाकी शाबूत आहे, आणि सकाळी कुणी पैसे दिले ते दुपारपर्यंत पुसलं जातं. एका घरी ती एकाच महिन्यात दुसऱ्यांदा हप्ता मागायला गेली, तेव्हा आमच्या ध्यानात आलं. कार्डं दुसऱ्या एजंट बाईंना देऊन टाकायचं मात्र तिनेच ठरवलं. एकेक कार्ड दोघींनी मिळून तपासलं. "माझ्यापायी कुणाचा रुपया बुडायला नको," एवढंच ती म्हणाली. हे लहान मुलाचं बोलणं आहे?

अल्झायमरच्या आजाराची पहिली नोंद आठवून पाहा. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात डॉ. अलोइस अल्झायमर यांच्यासमोर ऑगुस्ट डेटर नावाच्या बाई बसल्या होत्या. वय एक्कावन्न. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती लागेना, तेव्हा आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचं काही त्या डॉक्टरांना सांगत. १९०६ मध्ये त्या वारल्या, त्याच वर्षी अल्झायमरनी त्यांच्या मेंदूत काय आढळलं ते सहकाऱ्यांपुढे मांडलं. म्हणजे ज्या आजाराची सुरुवातच एक्कावन्न वर्षांच्या, आपलं काय हरवतंय हे जाणणाऱ्या बाईपासून झाली, त्याला आपण म्हातारपणीचं बालपण म्हणतो.

असो, तात्त्विक वाद बाजूला ठेवू. ही तुलना घरात आली की काय करते ते पाहू.

पहिली गोष्ट, घरात शिकवणी सुरू होते. मूल चुकलं की आपण पुन्हा सांगतो, दहादा सांगितलं की त्याला येतं, आणि त्या येण्याच्या आनंदावरच आईबापांचे कष्ट निभावतात. आईच्या बाबतीत बिघाड झाला आहे तो नेमका नवं साठवण्याच्या ठिकाणी. तिला दहादा सांगितलं तर ते दहा वेळा पहिल्यांदाच सांगितलेलं असतं. तरीही घरोघरी सुरू असतं: "मघाशीच सांगितलं ना?", "आठव बघू, सकाळी काय खाल्लं?", "आज वार कोणता, सांग!" जणू सराव केला की ती पास होणार आहे. होत नाही, आणि मग आपल्याला राग येतो. शिकत नाही म्हणून आलेला राग. ती लहान आहे असं धरून चाललं नसतं तर हा राग येण्याचं कारणच नव्हतं.

आई स्वतः काय करते ते सांगते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती दुधाचा खाडा लिहिते, हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. आता तिने त्यातच एक भर घातली आहे: सकाळी दूध आलं की त्या तारखेवर काट. दुपारी वार विचारला की ती भिंतीकडे बघते, शेवटची काट शोधते आणि उत्तर देते. हे तिला मी शिकवलेलं नाही. आपली अडचण ओळखून एका मोठ्या बाईने स्वतःपुरती काढलेली ती तोड आहे. मी तिला रोज वारांची उजळणी करायला लावली असती, तर एवढं साधलं नसतं.

आणि पाहुणे! माझा खरा राग पाहुण्यांवर आहे, तो इथे थोडा निघू द्या. दारातून आत येतात ते परीक्षक होऊन. चप्पल काढायच्या आधी प्रश्न: "ओळखलंत का मला?" आई हसते. म्हणते, "न ओळखायला काय झालं?" या उत्तराला मी मनातल्या मनात दाद देते, कारण ते कुणालाही लागू पडतं आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही. वर्षानुवर्षं दारोदार फिरून माणसं सांभाळलेली बाई आहे ती, अवघड प्रसंगातून सहज निसटणं तिला येतं. पण पाहुणे सोडत नाहीत. "मग सांगा बघू, मी कोण?" आवाज लाडात आलेला, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसा. ती चुकीचं नाव घेते. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवतात, तिच्या गालाला हात लावतात, "असू दे, असू दे" म्हणतात. त्यानंतर आई आत जाते ती जेवायलाही बाहेर येत नाही. पाहुणे भडंग खाऊन, मला धीर देऊन निघून जातात.

"वहिनी, मी कुपवाडहून आले, तुमच्याकडे माझी आरडी होती," असं म्हणून आत यायला किती कष्ट पडतात? नाव आणि नातं हातात दिलं की आई पुढचं सगळं स्वतः करते. तुमची मुलं किती, सासूबाई कशा आहेत, आरडी मोडली होती ती पुन्हा काढली का, सगळं विचारते. त्यातलं एखादं दोनदा विचारेल. विचारू दे.

लाडिक आवाजाबद्दल मी उगाच बोलत नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या क्रिस्टिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतल्या डिमेन्शियाच्या रुग्णांचं चित्रण करून पाहिलं, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अंघोळ घालताना, कपडे बदलताना सेविका बाळाशी बोलावं तशा बोलत तेव्हा रुग्ण हात झटकण्याची, ओरडण्याची, विरोध करण्याची शक्यता साध्या बोलण्याच्या तुलनेत दुपटीच्या आसपास होती. आपण याला रुग्णाचा हट्टीपणा म्हणतो. वर पुन्हा "बघा, कसा लहान मुलासारखा हट्ट करतात" असंही म्हणतो. तुलनेने हट्ट निर्माण करायचा आणि मग तोच हट्ट तुलनेचा पुरावा म्हणून दाखवायचा, असा हा कारभार. इंग्लंडमध्ये टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात डिमेन्शियाच्या रुग्णांना भोवतालच्या माणसांकडून कसकशी इजा होते याची यादी दिली होती. धमकावणं, दुर्लक्ष करणं, टर उडवणं यांच्याच रांगेत त्यांनी मोठ्या माणसाला लहान मूल करून टाकणं ठेवलं. ही इजा करणारे बहुतेक लोक प्रेमळच असतात, हेही त्यांना माहीत होतं.

कपड्यांचंही तसंच. "साडी कशाला, गाऊन घालत जा, तुलाही सोपं पडेल," असा सल्ला मला निदान झालं त्या आठवड्यातच मिळाला. तुलाही म्हणजे मला. आईच्या निऱ्या अजून तिच्याच हाताने पडतात. पदर कधी वर-खाली होतो, परकराची नाडी बांधायची राहते, ते बघायला मी आहे. गाऊन घातल्यावर ती दारावरची बेल वाजली तरी उठत नाही, कारण गाऊनवर दार उघडायचं नसतं, हे तिच्या हाडात आहे. सोपं पडावं म्हणून मी तिचं दार उघडणं बंद करू का?

तुलनेचं दुसरं नुकसान डॉक्टरांकडे जाण्याआधीच होऊन बसतं. बालपण ही नैसर्गिक गोष्ट. तेव्हा दुसरं बालपणही नैसर्गिक, त्यासाठी तपासण्या कशाला? साठी बुद्धी नाठी म्हणून आपण मोकळे. विसराळूपणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि शाकाहारी घरांतून ती किती पसरलेली आहे, यावर पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. नैराश्य असू शकतं. काही आठवड्यांपूर्वी डोकं आपटून आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं. झोपेच्या किंवा लघवीच्या तक्रारीवर सुरू असलेलं एखादं औषध असू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेवर सापडल्या तर उपाय होतो. ऐकू कमी येणं हा तर आणखी वेगळाच घोळ: ऐकलेलंच नसतं, आणि घर म्हणतं विसरली. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले, त्यांत ऐकू न येणं आहे, आणि या चौदांवर आयुष्यभर लक्ष दिलं तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. आईचे ब-१२ आणि थायरॉइड ठीक निघाले. पण ते बघितल्यावर ठीक निघाले.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, सहीची.

लहान मुलाच्या सहीला कायद्यात किंमत नाही. आईच्या सहीला आज पूर्ण किंमत आहे. उद्याचं सांगता येत नाही. या आजच्या आणि उद्याच्या मधला काळ म्हणजेच सुरुवातीचा टप्पा, आणि 'ती आता लहान झाली' असं म्हणत घरंच्या घरं हा काळ वाया घालवतात. मोठ्या व्यवहारांतलं तिला काय कळतंय, तिला कशाला त्रास, असं म्हणत तिच्या मागे ठरवाठरवी सुरू होते. पुढे एक दिवस कुणीतरी कुलमुखत्यारपत्राचा विषय काढतं. हे कागद किती फसवे ठरतात हे फार लोकांना माहीत नसतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की दिलेला अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या. त्याऐवजी आज, ती स्वतः समजून उमजून बोलते आहे तोवर, खातं संयुक्त करून घ्या, वारस लावा, मृत्युपत्र करा. पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. हा हक्क सज्ञान माणसाचा आहे.

पण यासाठी आधी तिला आजार सांगावा लागतो. "त्यांना सांगू नका, धसका घेतील," हे मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. मुलांपासून आपण आजार लपवतो, तसंच. आईने फाईल स्वतः वाचली आणि विचारलं, "हा विसरण्याचा आजार म्हणजे वाढत जाणारा ना?" मी हो म्हटलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, वकिलांना बोलव. मृत्युपत्रात तिने पाटल्या वहिनीला दिल्या. मला नाही. शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर दिल्या, आणि मला तो निर्णय मुकाट्याने मान्य करावा लागला. मोठं माणूस मानायचं म्हटलं की हेही आलं.

तिच्या बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी आईसमोर मला विचारलं, "आजींना काय करायचंय? तुम्हीच सांगा." आई म्हणाली, "पैसे माझे आहेत, सही माझी आहे, मला विचारा." त्या दिवशी तिची सही जुन्या सहीशी जुळली नाही, हात थरथरला. दुसऱ्यांदा केली, जुळली. काम झालं.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग काय तिला मोकळं सोडायचं? गॅस उघडा राहिला तर? वाट चुकली तर? कुणी फोनवर ओटीपी काढून घेतला तर? प्रश्न खरे आहेत. बंधनं लागतातच. पण बंधन मोठ्या माणसावर घालायची एक रीत असते: त्याला विचारून. एटीएम कार्ड आईने स्वतः माझ्याकडे दिलं, महिन्याच्या खर्चापुरती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची हेही तिनेच सुचवलं. पैशांच्या बाबतीत ती माझ्याहून सावध आहे. ज्योत विझली की गॅस बंद होणारी शेगडी आणली, रात्री रेग्युलेटर मी बंद करते. सकाळी ती गणपतीला जाते तो रस्ता एकच, त्यावरचे तीन-चार दुकानदार तिला ओळखतात, आणि पर्समध्ये माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीला तिने आधी नकार दिला होता. मग म्हणाली, "पाकिटात हरवल्यावर परत द्यायचा पत्ता ठेवतोच की." एवढं सगळं करूनही ती एखाद्या दिवशी चुकेल, हे मला माहीत आहे. जोखीम शून्य करायची तर तिला खुर्चीत बसवून टीव्ही लावून द्यावा लागेल. अशी घरं मी पाहिली आहेत. तिथली माणसं सुरक्षित असतात आणि भराभर ढासळतात.

स्वयंपाकघराचंही तेच. पुरणपोळीच्या सगळ्या पायऱ्या तिला आता एकापाठोपाठ एक आठवत नाहीत. पण पुरण किती शिजलं हे ती डावावरून सांगते, आणि कटाच्या आमटीचा अंदाज अजून तिच्या हातात आहे. शेजारी उभं राहून पुढची पायरी सांगणारं माणूस लागतं. वेळ जास्त लागतो, हे खरं. कधी मीठ दोनदा पडतं. मेथी निवडायला बसवलं की मात्र ती आमच्या सगळ्यांपेक्षा चोख निवडते, आणि निवडता निवडता आमच्या कामवाल्या मावशींना आरडी काढायचा सल्ला देते.

या मावशींवरच तिने एकदा पाटलीचा आळ घेतला होता. तेव्हाही लोक म्हणाले, लहान मुलासारखं वागतात. लहान मूल असा आळ घेत नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळले, जिच्यावर कधी रुपयाचा ठपका आला नाही, तिला वस्तू ठेवलेली जागा आठवत नाही तेव्हा आपल्या हातून हरवली असेल ही शक्यता तिला सहन होत नाही. चोरी झाली असणं त्या मानाने सोपं. मावशींना हे समजावून सांगितलं. त्या थोड्या रुसल्या, मग राहिल्या.

तुलनेतली आणखी एक मेख आहे, आणि ती पुरुषांना सहसा दिसत नाही. आई लहान झाली म्हटलं की कुणाला तरी आई व्हावं लागतं. ती मुलगी होते किंवा सून. दादाला कुणी म्हणालेलं नाही की तू तिची आई हो. बाप हो असंही नाही. आईपण एकदा अंगावर टाकलं की त्या कामाला दाम नसतो, सुट्टी नसते, आणि थकल्याची तक्रार केली तर आईने तक्रार करायची नसते. शासनाने मात्र ही तुलना कधीच मानलेली नाही. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्याला १८० दिवसांची. डिमेन्शिया झालेल्या आईसाठी अशी वेगळी रजा नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ८०डीडीबी डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर वजावट देत आलं आहे, पण ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला हा दाखला कुठून मिळणार? थोडक्यात, कौतुक करायचं तेव्हा ती बाळ, आणि सवलत द्यायची वेळ आली की ती पुरेशी आजारी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त. या ८८ लाखांचं करणाऱ्या हातांची मोजदाद मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ते हात 'आई'चे आहेत.

कुणी म्हणेल, मग 'अस्तु'चं काय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या त्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे विद्वान शास्त्री हत्तीमागे चालत जातात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं जवळ घेते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. तुलनेचं यापेक्षा सुंदर रूप मराठीत नसेल. पण शास्त्रींचा आजार फार पुढे गेलेला आहे. आणि त्या बाईला त्यांच्या सहीची, पेन्शनची, पुढच्या महिन्याच्या औषधांची चिंता नाही. एका अनोळखी म्हाताऱ्यावर तिने केलेली ती माया आहे. तिला घर चालवायची पद्धत समजू नये. घर शास्त्रींच्या मुलीला चालवायचं आहे, आणि चित्रपट तिची फरफटही दाखवतो, ती आपण विसरतो.

आईचा आजारही पुढे जाईल. तिला अंघोळ घालावी लागेल, भरवावं लागेल. तेव्हा तरी ती बाळ होईल का? मला वाटत नाही. बाळाला अंघोळ घालताना दार लावावं लागत नाही. आईला घालताना लावावं लागेल.

ज्यांच्या घरी हे निदान नुकतंच झालं आहे त्यांना माझं सांगणं आहे की या महिन्यात वकील गाठा, बँकेत जा, आणि ही कामं करताना तिला घरी ठेवू नका, सोबत न्या. आपल्या आमदार-खासदारांना विचारा की बालसंगोपनाची रजा आहे तशी आईवडिलांच्या संगोपनाची का नाही, आणि ती भावांनाही का मिळू नये. आणि आमच्याकडे येणार असाल तर दारात आधी स्वतःचं नाव सांगा, मग बसा, आणि पोस्टात पैसे ठेवावेत की बँकेत, असं आईला विचारा. उत्तर लांबलचक असेल, अर्धा तास तरी जाईल. तेवढा वेळ नसेल तर फोनवरच चौकशी करा.